ओळ पुसण्याआधी

मुहर्रकमध्ये, बेकरीच्या वरच्या मजल्यावर
आम्ही मोती काढणाऱ्यांचा खेळ बनवतो आहोत.
म्हणजे खेळ रोवेना बनवते. मी बनवतो
खेळाच्या पोटातल्या फायली उघडायची खिडकी.

आधी फाइल उघडीच असायची: आकडे आणि स्वल्पविराम,
कुणीही यावं, नोटपॅडमध्ये हात घालावा.
फवाझने मागच्या गुरुवारी एक स्वल्पविराम खाल्ला
आणि अख्खी नाव एक घर डावीकडे सरकली:
जन्मसालाच्या जागी दोरी, दोरीच्या जागी खजुराचा भाव,
आणि श्वासाच्या रकान्यात जन्मसाल.
एक पोरगा एकोणीसशे सहा सेकंद पाण्याखाली राहिला,
वर आला, आणि हसला.
हसायचं अ‍ॅनिमेशन ठरलेलंच होतं.

म्हणून खिडकी. डावीकडे यादी, उजवीकडे रकाने,
चुकलेल्या घराला लाल कड.
कड जाड नको; माणूस घाबरतो
आणि बरोबर असलेलंही बदलून टाकतो.
श्वासाला सरकपट्टी दिली, शून्य ते दोनशे.

जुम्आ काकांना बघायला बोलावलं.
त्यांचे आजोबा घईस, बुडी मारणारे;
काका स्वतः विमानतळावर सामान तोलून निवृत्त झालेले.
माऊस त्यांनी इस्त्रीसारखा धरला, तळहाताने दाबून,
पट्टी ओढत शून्यावर नेली,
तिथेच ठेवली
आणि माझ्याकडे बघितलं.
मी किमान मर्यादा वीस केली.

कर्जाचा रकाना मी कोरा सोडला होता.
नवा माणूस, नवी ओळ, शून्य.
"खाली किधर होता है?" काका म्हणाले.
तो भरूनच येतो. बाप बुडाला तर बापाचा आकडा.
मग मी तो राखाडी केला: दिसतो, बदलता येत नाही,
नोखद्याच्या ओळीतून आपोआप उतरतो.

नोखदा. त्या शब्दाशी जरा थांबलो.
आमच्या मालवणात नाखवा.
तोच माणूस, दोन किनाऱ्यांवर थोडा वेगळा उच्चारलेला,
वही मात्र दोन्हीकडे त्याच्याच काखेत.

राहिलं पुसायचं बटण.
प्रत्येक घईसला वर नावेवर एक सैब असतो,
दोरी धरून उभा. फाइलीत तो नुसता क्रमांक,
घईसच्या शेवटच्या रकान्यात.
मी एका सैबची ओळ निवडली, पुसली.
पुसली गेली.
खेळ चालू राहिला. खाली एकजण
दोरीला हिसका देत राहिला, मग पुन्हा एकदा,
आणि प्रोग्रामच्या हिशेबाने काहीही चुकलं नव्हतं.

काका बोलले नाहीत. चहाचा पेला
कीबोर्डापासून लांब सरकवला, एवढंच.

पहाटे तीनला खाली भट्टी पेटते, पायाखालची फरशी कोमट होते.
मी सूचनेचा मजकूर लिहीत बसलो होतो.
'ही नोंद अन्यत्र वापरात आहे.' खरं आहे, पण वाचतो कोण?
'तुमची खात्री आहे?' खात्री सगळ्यांनाच असते.

माझ्या सीपीआर कार्डामागे, कुठल्याशा कचेरीत,
माझीही एक ओळ असणार,
शेवटच्या रकान्यात फवाझच्या कंपनीचा क्रमांक.
ती खिडकी कोणी बनवली, ठाऊक नाही.
पुसा म्हटलं तर ती काही विचारते का, तेही नाही.

शेवटी लिहिलं:
'याच्या दोरीवर खाली ईसा आहे. श्वास चौऱ्याहत्तर.
आधी त्याला वर घ्या.'
खाली दोनच बटणं: वर घ्या, राहू दे.

सकाळी रोवेना म्हणाली, मजकूर फार लांब आहे,
अरबीत तर चौकटीबाहेर जाईल.
मी चौकट रुंद केली.